पोस्टडॉकसाठी सोलापूर सोडावं का, आणि सोडायचं तर सोबत काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंचं वय ३६. उजनी जलाशयातल्या शैवालांवर सोलापूर विद्यापीठातून पीएच.डी. मिळून तीन वर्षं झाली. तेव्हापासून एका वरिष्ठ महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. मुलगा पाचवीत आहे, यजमानांची नोकरी सोलापुरात. त्या विचारतात, ‘या वयात, लहान विद्यापीठाच्या पदवीवर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, मिळेल का? कुठे, किती पैशांत, आणि त्यानंतर काय?’ सोबत त्यांच्या एका मैत्रिणीचाही प्रश्न आहे. ती सोलापूरच्या व्ही.एम. मेडिकल कॉलेजमधून पीएसएममध्ये, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात, एम.डी. झाली. पीएच.डी. नाही, पण संशोधनात यायचंय.

मिळेल. वय आडवं येतं ते काही ठरावीक योजनांपुरतंच. विद्यापीठाचं नाव तर तुम्हाला वाटतं त्याहून फार कमी आडवं येतं. निवड समित्यांमध्ये बसून मी अनेक अर्ज वाचले आहेत. बहुतेक अर्ज पडतात ते विद्यापीठामुळे नव्हे. उमेदवाराला नेमकं काय शोधायचंय हे दोन पानं वाचूनही कळत नाही, म्हणून पडतात. ‘पर्यावरण क्षेत्रात संशोधन करण्याची मला तीव्र इच्छा आहे’ या वाक्यावर कुणी दोन वर्षांचे पैसे देत नाही.

तुमच्याकडे प्रश्न आहे, आणि तो मोठा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि उजनीत साचतं. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर निळं-हिरवं शैवाल माजतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर हिरवा तवंग दिसतो, वासही येतो, आणि तेच पाणी सोलापूरकर पितात. मायक्रोसिस्टिस जातीचं शैवाल यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिन विष तयार करू शकतं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे. २००७ मध्ये चीनमधल्या ताइहू सरोवराकाठच्या वूशी शहराचा पाणीपुरवठा शैवालाच्या अशाच उद्रेकाने कोलमडला. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. ईरी सरोवरावर, ताइहूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना उष्ण कटिबंधातला, दुष्काळी पट्ट्यातला, उन्हाळ्यात बराच उतरून पावसाळ्यात पुन्हा भरणारा जलाशय बघायला मिळत नाही. तुम्ही तो वर्षानुवर्षं बघितला आहे, होडीतून नमुने काढले आहेत, कुठल्या महिन्यात कुठल्या काठाला तवंग येतो हे तुम्हाला तोंडपाठ आहे. हे तुमचं भांडवल आहे, आणि अर्जात ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं. आपल्याकडचे विद्यार्थी नेमकं हेच शेवटी, आणि तेही संकोचाने लिहितात.

आता उणीव कुठे आहे ते बघू. तुमच्या प्रबंधाचा सारांश वाचला. सगळी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली, आकारावरून केलेली आहे. ते कौशल्य आज दुर्मिळ होत चाललंय, म्हणून त्याला कमी लेखू नका. पण मायक्रोसिस्टिसचा एक गट विष बनवतो, दुसरा बनवत नाही, आणि दोन्ही भिंगाखाली सारखेच दिसतात. विष बनवणारी जनुकं आहेत का हे पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) कळतं, प्रत्यक्षात विष किती आहे हे एलायझा (प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी) किंवा एलसी-एमएसने (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने) मोजावं लागतं, आणि पाण्यातला सगळा जीवाणू समाज समजून घ्यायचा तर डीएनए अनुक्रम वाचून त्याचं संगणकावर विश्लेषण करावं लागतं. ही तंत्रं जिथे रोज वापरली जातात तिथे दोन वर्षं काढणं, एवढाच तुमच्या पोस्टडॉकचा हेतू ठेवा. प्रश्न सोलापूरचा, तंत्र बाहेरचं. अशी जोड असली की अर्ज एकसंध होतो, आणि परत आल्यावर करायला कामही उरतं.

सोलापूर सोडायचं म्हणजे लगेच बर्लिनच, असं नाही. पुणे रेल्वेने काही तासांवर आहे. तिथे आघारकर संशोधन संस्थेत डायाटमसारख्या सूक्ष्मशैवालांवर काम झालंय. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखाली सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शिवाय राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे, आयसर ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. सांडपाण्याच्या बाजूने जायचं तर नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी. हैदराबादही पुण्याइतकंच सोयीचं आहे, हे आपण सोलापूरकर विसरतो. मुंबई-पुण्याकडे तोंड करून बसायची सवय लागली आहे. नील-हरित शैवालांसाठी तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात राष्ट्रीय सुविधा केंद्र आहे आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत मोठा संग्रह आहे. परदेशात जपानच्या त्सुकुबामधल्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेकडे मायक्रोसिस्टिसचे जगभर वापरले जाणारे संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवून जपलेले नमुने) आहेत, बर्लिनमध्ये गोड्या पाण्याच्या परिसंस्थांची लायब्निझ संस्था आहे, आणि ईरी सरोवराच्या काठची अमेरिकन विद्यापीठं आहेतच.

योजनांकडे आता येते, कारण माझ्या मते त्यांचा क्रमांक तिसरा लागतो. आधी प्रश्न, मग मार्गदर्शक, मग योजना. जाहिरात बघून विषय शिवणाऱ्यांचे अर्ज लगेच ओळखू येतात.

देशातला सर्वांत सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे एनपीडीएफ. पूर्वी ती केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) देत असे. २०२३ च्या कायद्यानंतर ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे, म्हणजे एएनआरएफकडे गेलं. मुदत दोन वर्षं. वयोमर्यादा ३५, पण महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुम्ही ४० पर्यंत बसता. महिन्याला ८०,००० रुपये, शिवाय प्रयोगाच्या खर्चासाठी वर्षाला दोन लाख. आयुष्यात ही एकदाच मिळते, म्हणून घाईघाईत कच्चा प्रस्ताव टाकू नका. जैवतंत्रज्ञान विभागाची एम. के. भान फेलोशिप ७५,००० रुपयांची आणि तीन वर्षांची आहे. संशोधनासाठी वर्षाला दहा लाख मिळत असल्याने स्वतःचं काम उभं करायला ती जास्त ताकद देते, पण स्पर्धाही तशीच असते आणि वयाची अट कडक आहे. याच विभागाची रिसर्च असोसिएटशिप आहे, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पोस्टडॉक फेलोशिप त्यांच्याच संस्थांमध्ये करावी लागते. वाईज-पीडीएफ ही विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फक्त महिलांसाठीची योजना. तिच्यात वयाची मर्यादा बरीच सैल आहे आणि संसारामुळे पडलेला खंड तिथे दोष धरला जात नाही. तुम्ही एनपीडीएफ आणि वाईज या दोन्हींची तयारी एकाच प्रस्तावावर करा.

या सगळ्याखेरीज एक रस्ता आहे ज्याची चर्चा कमी होते, आणि मला तो सोलापूरच्या मुलामुलींसाठी फार उपयोगाचा वाटतो. तो म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाच्या मंजूर प्रकल्पात रिसर्च असोसिएट (आरए) म्हणून रुजू होणं. २०२३ पासून केंद्राचे दर आरए-१ ला ५८,०००, आरए-२ ला ६१,००० आणि आरए-३ ला ६७,००० रुपये, शिवाय घरभाडं, असे आहेत. फेलोशिपसारखी देशव्यापी स्पर्धा नसते. संस्थेच्या संकेतस्थळावर जाहिरात येते, मुलाखत होते, काही आठवड्यांत निर्णय लागतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात, बारामतीजवळच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत अशा प्रकल्पांच्या जागा निघतात. इंडियाबायोसायन्सच्या संकेतस्थळावर देशभरातल्या जागा एकत्र दिसतात, तिथे आठवड्यातून एकदा नजर टाका. प्रकल्पात काम करता करता स्वतःची फेलोशिप लिहिणं हा सर्रास चालणारा आणि प्रतिष्ठेचा क्रम आहे.

मार्गदर्शकाला ईमेल कसा लिहायचा, यावर मला सविस्तर सांगायचंय, कारण इथेच सगळ्यात जास्त चांगली माणसं गळतात. माझ्याकडे येणारे बहुतेक ईमेल ‘आदरणीय महोदय’ने सुरू होतात (मी बाई आहे, हे नावावरूनही कळतं), त्यात माझ्या प्रयोगशाळेचा एकही संदर्भ नसतो, आणि सोबत आठ पानी बायोडाटा, प्रमाणपत्रांच्या स्कॅनसकट. तो ईमेल पन्नास जणांना गेलाय हे उघड दिसतं. तुम्ही दहा जण निवडा. प्रत्येकाचे गेल्या तीन वर्षांतले दोन शोधनिबंध पूर्ण वाचा. मग दहा-बारा ओळींत एवढंच लिहा: मी कोण, उजनीवर काय पाहिलं, त्यातली एक अशी गोष्ट जिचा उलगडा माझ्या पद्धतींनी झाला नाही, तुमच्या अमुक निबंधातली तमुक पद्धत तिथे कशी लागू पडेल, आणि मी अमुक योजनेत अमुक महिन्यात अर्ज करू इच्छिते, तुम्ही यजमान (होस्ट) व्हाल का. दोन पानांचा बायोडाटा आणि तुमचा सर्वांत चांगला एक निबंध जोडा. विषयाच्या ओळीत ‘पोस्टडॉक अर्ज’ लिहू नका. तिथे जलाशयाचं नाव आणि विषाचं नाव लिहा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण द्या, मग पुढचं नाव घ्या. उत्तर न येणं म्हणजे नकार, असंही समजू नका. लोक खरोखरच प्रवासात आणि परीक्षांत असतात.

आणि योजनेची मुदत पंधरा दिवसांवर आली असताना पहिला ईमेल नको. संमतीपत्र, संस्थेच्या प्रमुखांची सही, प्रस्तावाच्या दोन-तीन फेऱ्या यांना तीन-चार महिने सहज जातात.

मार्गदर्शकाचीही चौकशी करा. त्यांच्या प्रयोगशाळेत आत्ता असलेल्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघा-तिघांशी फोनवर बोला. निबंधात पहिलं नाव मिळतं का, सुट्टीला माणूस घरी जाऊ शकतो का, बाहेर पडलेले आज कुठे आहेत, हे विचारा. प्रयोगशाळेचं नाव मोठं असूनही दोन वर्षांत हाती काही न घेता परतलेले लोक मी पाहिलेत. लहान प्रयोगशाळेत एका भल्या शास्त्रज्ञाबरोबर बसून शिकलेले लोक पुढे गेलेले पाहिलेत.

शोधनिबंधांबद्दल स्पष्ट बोलते. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांतले निबंध यादीत असतील तर समिती ते ओळखते. यूजीसीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत होतं’ हा आधारही आता नाही. असे सात-आठ निबंध असतील तर बायोडाट्यात त्यांना पुढे करू नका. प्रबंधातला एखादा उत्तम भाग घ्या, आकडेवारी नव्याने तपासा, आणि एक निबंध नीट नियतकालिकाकडे पाठवा. पाठवण्याआधी तो बायोआर्काइव्ह या छपाईपूर्व निबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकला तर अर्जात दाखवता येतो. एका चांगल्या निबंधाने अर्जाचं रूप पालटतं.

परदेशासाठी मोजणी पदवीच्या तारखेपासून होते, वयापासून नाही, आणि तुमच्यासारख्यांना ते सोयीचं आहे. युरोपातल्या एम्बो फेलोशिपला पीएच.डी.नंतर दोन वर्षांची मर्यादा आहे, ती तुमच्या हातून गेली. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटाला आणि अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरूला चार वर्षं आहेत, म्हणजे तुमच्याकडे एक वर्ष उरलंय. हुम्बोल्टचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो, तेव्हा परदेशी जायचं नक्की असेल तर तिथून सुरुवात करा. जपानची जेएसपीएस फेलोशिप सहा वर्षांपर्यंत घेते आणि महिन्याला ३,६२,००० येन देते. त्सुकुबाचा विचार मनात आला तर हीच. युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप आठ वर्षांपर्यंत आहे, अर्ज सप्टेंबरच्या सुमारास असतो, आणि कुटुंब असलेल्यांना वेगळा भत्ता मिळतो. ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, ही अट तुम्हाला आडवी येत नाही. अमेरिकेत बहुतेक पोस्टडॉक प्रयोगशाळेच्या अनुदानावर नेमले जातात. २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा (एनआयएच) सुरुवातीचा दर वर्षाला ६१,००८ डॉलर होता. पण २०२५ पासून तिथल्या अनुदानांची जी ओढाताण चाललीय ती बघता, प्रस्ताव आला तरी अनुदान किती वर्षांचं उरलंय हे आधी विचारा. एनआयएच रिपोर्टर या जाहीर संकेतस्थळावर ते स्वतःही बघता येतं. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. तुम्ही घर, मूल, नोकरी सोडून जाणार आहात.

उजनीचे नमुने किंवा जिवंत संवर्ध बॅगेत घालून नेऊ नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आहेत. यजमान संस्थेला सोबत घेऊन परवानगीचं काम निघण्याच्या कितीतरी आधी सुरू करा.

तुमच्या मैत्रिणीसाठी. वैद्यकीय पदव्युत्तर पदवी असलेल्यांना पीएच.डी. नसतानाही येता येईल अशा वाटा आहेत. त्यातली सर्वांत भक्कम म्हणजे इंडिया अलायन्स, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ पासून चालवलेली फेलोशिप. तिच्यात चिकित्सक आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी वेगळी वाट आहे. आरोग्य संशोधन विभागाच्याही फेलोशिप आहेत, त्यात खंड पडलेल्या महिलांसाठी एक स्वतंत्र आहे. पीएसएमच्या माणसाला सोलापुरात विषय शोधावे लागत नाहीत. कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत विडी वळणाऱ्या बायका आहेत, तंबाखूची धूळ रोज हाताला आणि छातीला लागते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू हवेत असतात. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, तेव्हा पत्र्याच्या घरात बसून विड्या वळणाऱ्या गरोदर बाईच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा हवामान आणि आरोग्य या दोन्ही क्षेत्रांना हवा असलेला प्रश्न आहे. फक्त एक विनंती. त्या बायकांची रक्ताची नळी भरून घेऊन परत कधी न फिरकणारे संशोधक फार झालेत. नैतिक समितीची मंजुरी हा कागद झाला. निष्कर्ष तेलुगू आणि मराठीत त्यांना जाऊन सांगायचे, हे प्रस्तावातच लिहा आणि त्यासाठी पैसे मागा.

इतर वाचकांसाठी एवढंच जोडते की असे प्रश्न जिल्ह्यात जागोजागी आहेत. डाळिंबावरचा तेल्या हा जीवाणूजन्य रोग वनस्पतिशास्त्राच्या पोस्टडॉकसाठी उत्तम विषय आहे. नान्नजचं माळरान १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, तिथला माळढोक जवळपास दिसेनासा झाला, पण लांडगा आणि काळवीट आहेत. पर्जन्यछायेतला जिल्हा म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) पाऊस वाढवण्यासाठी ढगांत बीजरोपणाचा मोठा प्रयोग सोलापुरातच केला. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ या विषयांसाठी इथे येतात.

ज्यांना आत्ता घर सोडणं शक्यच नाही त्यांनी वर्ष वाया घालवू नये. हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटवार आकडेवारी उपलब्ध आहे. डीएनए अनुक्रमांचे सार्वजनिक साठे खुले आहेत, गॅलेक्सीसारख्या मोफत मंचावर ते साध्या लॅपटॉपवरून तपासता येतात. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर संख्याशास्त्राचे आणि आर या संगणकीय भाषेचे अभ्यासक्रम आहेत. तुम्ही स्वतः या उन्हाळ्यात आर शिका, असा माझा आग्रह आहे. तुमच्या प्रबंधातल्या तक्त्यांचं नव्याने विश्लेषण करायला तेवढं पुरेल.

पैशांचं व्यवहारी बोलायचं तर फेलोशिपचा पहिला हप्ता रुजू झाल्यावर लगेच येईल असं धरू नका. चार-सहा महिने निभतील एवढी तजवीज करून निघा. सीएचबीचं मानधन बघता पोस्टडॉकमध्ये तुमची मिळकत वाढेलच. मुलाचं म्हणाल तर पाचवी ते सातवी हा काळ दहावीच्या तुलनेत हलवाहलवीला बरा. पुण्यातली जागा घेतली तर यजमानांची नोकरीही सोडावी लागत नाही. शनिवार-रविवार गाडीत जातील, ते दोन वर्षं निभावता येतं. घरात हे आत्ताच, निवड होण्याआधी बोला. निवड झाल्यावर ‘आता नको’ म्हणावं लागलं तर एनपीडीएफसारखी संधी हातची जाते.

शेवटचा भाग, ‘त्यानंतर काय’. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या छाननीच्या तक्त्यात पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला अध्यापनाच्या वर्षाइतकेच, दोन गुण आहेत. म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या रांगेतली तुमची जागा जात नाही. उलट चांगले निबंध वाढले तर ती पुढे सरकते. नेट किंवा सेट नसेल तर ती परीक्षा मात्र पोस्टडॉकच्या काळातच उरकून घ्या. पण भरती कधी निघेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून फक्त तिच्यासाठी पोस्टडॉक करू नका. पाण्यातल्या विषाची मोजणी येणाऱ्या माणसाला जलशुद्धीकरणात, प्रदूषण तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आणि सल्लागार संस्थांतही काम आहे, आणि उजनीच्या पाण्यावर तशी नजर नियमित ठेवणारं कुणीतरी या जिल्ह्याला हवंच आहे. दहा नावांची यादी आणि ईमेलचा पहिला मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून कळवीन.